मरळाची बाजू

खान्देशात गळाने धरावा असा मासा उरलेला नाही, हे मत हौशी मासेमारांत इतके रुजले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कोणाला वाटत नाही. जळगावचा किंवा धुळ्याचा तरुण नवी काठी आणि नवे रीळ घेतो आणि लगेच दूरच्या नद्यांतील महसीराची छायाचित्रे पाहू लागतो. गावाबाहेरच्या तलावात मरळ आहे, तापीच्या डोहात आहे, पांझरेच्या बंधाऱ्यामागे आहे, असे त्याला सांगावे तर उत्तर ठरलेले असते: मरळ हा चिखलातला मासा, त्याच्यामागे कोण लागणार? तिकडे मत्स्यशेतीची मार्गदर्शिका उघडावी तर मरळाचे नाव भेटते ते ‘भक्षक मासे’ या मथळ्याखाली, निर्मूलनाच्या यादीत. एकाने हिणवायचे आणि दुसऱ्याने मारायचे, असा हा दुहेरी निकाल आहे. तापीच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशाविरुद्ध दिलेला हा निकाल मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी. महसीराचे कैवारी म्हणतात की गळाच्या मासेमारीला खेळ म्हणायचे असेल तर मासा झुंजार हवा. वाहत्या, निवळशंख पाण्यात वाढलेला महसीर गळाला लागला की प्रवाहाचा आधार घेऊन रिळावरची दोरी ओढत नेतो, खडकांना वळसे घालतो, माणसाला काठाकाठाने पळवतो. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहून महसीराला विलायतेच्या सामनच्या पंक्तीला नेऊन बसवले. जिम कॉर्बेटने १९४४ च्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये, नरभक्षक वाघांच्या कथांच्या मांदियाळीत, एक प्रकरण महसीराला दिले. मरळाच्या वाट्याला असे काय आले? तो साचल्या पाण्यात राहतो, गवतात दबा धरून बसतो, लागला तर दोन-चार हिसके देतो आणि संपतो. मत्स्यशेतीवाल्यांचे म्हणणे याहून वजनदार आहे. सहकारी संस्था पदरचे पैसे घालून तलावात कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडतात. मरळ ते गिळतो. म्हणजे मरळाचे कौतुक करणारा माणूस नकळत भोई कुटुंबांच्या पोटावर पाय देतो. तिसरा आक्षेप भूगोलाचा. खान्देश अवर्षणाचा मुलूख. उन्हाळा लागण्याआधी निम्म्या नद्यांची वाळू उघडी पडते. तिथे गळाची हौस हवीच कशाला?

यातले एकही विधान निखालस खोटे नाही. प्रत्येक विधान कुठल्या ना कुठल्या पाण्यात खरे आहे. ते तापीच्या पाण्यात खरे आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

महसीराच्या मापापासून सुरुवात करू. तापीत महसीर होता, हे मी आनंदाने मान्य करतो. पण ती तापी कोणती? मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी ही नदी एके काळी डोह आणि धावत्या पाण्याच्या उथळ पट्ट्या यांची मालिका होती. महसीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या तळावर, खळाळत्या पाण्यात अंडी घालतो. त्याचे सगळे जीवन त्या चढाईवर अवलंबून आहे. आज भुसावळजवळ हतनूरचे धरण आहे, खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज आहेत, आणि सीमेपलीकडे १९७२ पासून उकाईचा अफाट जलाशय पसरला आहे. धावती नदी फुगवट्यांची साखळी झाली. महसीराचा रस्ता ठिकठिकाणी बंद झाला. हे दुःखद आहे आणि त्यावर उपाय व्हायला हवेत. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीराचे बीज तयार करण्याचे जे काम केले, त्याबद्दल महाराष्ट्राने कृतज्ञ असावे. परंतु महसीर जपावा हे एक विधान आहे आणि महसीर नसेल तर गळ टाकण्यात अर्थ नाही हे अगदी वेगळे विधान आहे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. पर्वतातून उतरणाऱ्या नदीचे माप घेऊन पठारावरच्या तलावाला नापास करणे हा न्याय नव्हे.

ग्रंथांचा दाखला दिला जातो, म्हणून ग्रंथांकडेही पाहू. ज्या थॉमसने महसीराचे स्तोत्र रचले, त्यानेच १८८७ साली ‘टँक अँग्लिंग इन इंडिया’ नावाचे दुसरे पुस्तक लिहिले, आणि ते सबंध पुस्तक साचल्या पाण्यातल्या, तलावांतल्या मासेमारीवर आहे. महसीराच्या आद्य पुरस्कर्त्याला तलाव कमीपणाचा वाटला नाही. त्याचे नाव घेणाऱ्यांना मात्र वाटतो. आणि या खेळाचा इतिहास थॉमसपासून सुरू होतो, असे तरी का मानायचे? कल्याणीच्या चालुक्य वंशातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ आहे. गळ, दोरी, आमिष, माशांच्या जाती, त्यांच्या राहण्याच्या जागा आणि कोणत्या जातीला कोणता चारा घालावा, याचा तिथे विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे होरा म्हणजे ज्यांनी पूर्व हिमालयातले मासे सह्याद्रीपर्यंत कसे पोचले याचे उत्तर सातपुड्याच्या रांगेत शोधले, तेच. खान्देशच्या उत्तर सीमेवरचा डोंगर भारतीय मत्स्यशास्त्रातल्या एका गाजलेल्या सिद्धान्ताला नाव देतो, आणि खान्देशातला माणूस म्हणतो की आमच्याकडे मासा नाही. दख्खनच्या राजाने गळाची मासेमारी ग्रंथात बांधली तेव्हा इंग्रजी काठी या देशात आलेली नव्हती. त्या राजाने एकाच माशावर आपला विनोद अडवून ठेवला नाही. आपण का अडवावा?

मरळाची शास्त्रातली नोंदही आजची नाही. पट्टेरी मरळाचे वर्णन ब्लॉखने १७९३ साली केले, मोठ्या मरळाचे फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात केले. कर्नल साइक्स दख्खनच्या माशांचा अभ्यास करत होता, त्याने १८३९ साली अंगावर पांढरे ठिपके असलेल्या मरळाला वेगळे नाव दिले. पुढे तो हॅमिल्टनचाच मोठा मरळ ठरला. आपल्या चर्चेत या दोन जातींचा घोळ नेहमी होतो, म्हणून फरक सांगून ठेवतो. पट्टेरी मरळ तलावाचा, पाणथळीचा, दाट पाणवनस्पतींचा. मोठा मरळ नदीच्या खोल डोहांचा आणि मोठ्या जलाशयांचा. तो मीटरभर लांबीपर्यंत वाढू शकतो आणि लहानपणी त्याच्या शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडे असलेला काळा डोळा असतो. ‘मरळ चिखलातला’ असे जे म्हणतात, त्यांनी मोठ्या मरळाला त्याच्या डोहात पाहिलेले नसते.

आता झुंजीचा मुद्दा. माझ्या मते सगळ्या वादाचा जीव इथे आहे, आणि पूर्वपक्ष सर्वांत दुबळाही इथेच आहे.

मरळाला कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, हवा घेण्याचे खास इंद्रिय असते. नुसत्या कल्ल्यांवर त्याचे भागत नाही. त्याला वर येऊन हवा घ्यावीच लागते, आणि पृष्ठभागाशी येण्याची वाट अडवली तर पूर्ण वाढलेला मरळ पाण्यात गुदमरून मरतो. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? हा मासा आपला ठावठिकाणा स्वतः सांगतो. मार्चच्या सकाळी तलावाच्या काठाशी, बेशरमाच्या झुडपांच्या आडोशाला उभे राहावे. वारा पडलेला असतो. पाणकणसाच्या आत कुठे तरी ‘डबक’ असा जड आवाज होतो आणि एक वर्तुळ पसरते. लहान माशाचा आवाज हलका, टिचकीसारखा. मरळाचा आवाज खोल आणि भरीव. पहिल्या श्वासावर गळ फेकणारा माणूस नवखा समजावा. जाणता माणूस दुसऱ्या श्वासाची वाट पाहतो, कारण दोन वर्तुळांमधल्या अंतरावरून मासा कुठे तोंड करून सरकतो आहे, ते कळते. मग रबरी बेडूक. त्याचे दोन्ही आकडे पाठीला चिकटलेले असतात, म्हणजे तो गवतावरून घसरतो, अडकत नाही. तो वर्तुळावर टाकायचा नाही, पलीकडे टाकायचा. पानांवरून हलके हलके ओढत आणायचा आणि मोकळ्या पाण्याच्या वितभर खिडकीत आला की थांबवायचा. पाने एका रेषेत थरथरतात. खालून काही तरी येत असते. आणि मग पाणी फुटते.

त्या क्षणी हात आवरणे हीच खरी परीक्षा. लगेच हिसका द्यावा तर बेडूक हवेतून परत येतो आणि मासा त्या दिवसापुरता शहाणा होतो. मरळ आमिष जबड्यात धरून खाली वळतो, दोरी एका बाजूला सरकू लागते, तेव्हाच काठी उचलायची, आणि उचलायची ती पुऱ्या जोराने. त्याचे तोंड हाडाचे, दातांनी भरलेले. आकडा सहज रुतत नाही. पुढचे अर्धे मिनिट त्याला हातभर दोरीही द्यायची नाही, कारण हातभर मिळाली की तो देठांच्या जंजाळात शिरतो, दोरी गुंडाळतो आणि गवताचा भारा आपल्या हाती ठेवून निघून जातो.

महसीराच्या झुंजीत माणसाला जागा असते. मासा धावतो, दोरी जाते, दोरी येते, चूक झाली तर सुधारायला वेळ मिळतो. मरळाच्या झुंजीत वेळ नाही. म्हणून ती लहान असते. लहान म्हणजे हलकी, हे कोणी ठरवले? आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की महसीराची कसोटी मासा लागल्यानंतर सुरू होते, मरळाची बहुतेक कसोटी मासा लागण्याआधी संपलेली असते. पावलाचा आवाज, अंगाची सावली, आमिष पडण्याची जागा, थांबवण्याची वेळ, हाताचा संयम. ज्याला केवळ ओढाताण हवी त्याने महसीराकडे जावे. ज्याला शिकार वाचायची आहे त्याच्यासाठी मरळ आहे. आणि त्यासाठी हजार किलोमीटर जावे लागत नाही, सायकलने जाता येते.

मत्स्यशेतीच्या आक्षेपाला मी अधिक मान देतो, कारण त्यामागे माणसांची पोटे आहेत. त्यातले खरे आधी कबूल करतो. संगोपन तळ्यात, जिथे बोटाच्या पेरापेक्षाही लहान बीज वाढवायचे असते, तिथे मरळाला स्थान नाही. एक मरळ तिथे हंगाम बुडवू शकतो. अशा तळ्यात बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकण्याचा सल्ला दिला जातो: मीटरभर खोलीच्या एका हेक्टर पाण्याला सुमारे २,५०० किलो. पेंडीतल्या विषाने तळ्यातले मासे मरतात, विषाचा अंमल ओसरला की तीच पेंड खत होते. तळ्यापुरते हे शास्त्र ठीक आहे. माझा आक्षेप हा की तळ्याचे शास्त्र तलावाला, आणि तलावाचे जलाशयाला, काहीही न तपासता चिकटवले जाते. हतनूर म्हणजे संगोपन तळे नव्हे. जलाशयात बीज सोडताना आठ-दहा सेंटिमीटर वाढलेली बोटुकली सोडावी, म्हणजे ती भक्षकांच्या तावडीतून वाचते, ही शिफारस मत्स्यशास्त्राचीच आहे. ती पाळायची नाही, स्वस्तात मिळते म्हणून इवलेसे बीज ओतायचे, आणि ते जगले नाही की खापर मरळावर फोडायचे. दोष बीजाच्या आकाराचा, शिक्षा मरळाला. हा कुठला न्याय?

आणखी एक प्रश्न विचारतो. ज्यांच्या रक्षणासाठी मरळाला हटवायचे ते कटला, रोहू आणि मृगळ तापीचे आहेत काय? नाहीत. ते मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेकडच्या खोऱ्यांतले. तापीच्या खोऱ्यात ते माणसाच्या हाताने आले. त्यांनी हजारो कुटुंबांना रोजगार दिला, त्यांच्याशी माझे वैर नाही. पण पाहुण्यासाठी घरच्याला उपद्रवी ठरवायचे असेल तर निदान घरचा कोण आणि पाहुणा कोण हे तरी आधी नीट लिहावे.

भक्षक असणे हाच गुन्हा मानला जातो, तेव्हा भक्षक करतो काय हेही पाहिले पाहिजे. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज महाराष्ट्रातल्या कितीतरी जलाशयांत मोकाट वाढला आहे. तो लहान वयातच अंडी घालू लागतो, पिल्ले तोंडात सांभाळतो, आणि बघता बघता तलाव खुरट्या, कोणी विकत घेत नाही अशा तिलापियांनी भरतो. आग्नेय आशियातले मत्स्यशेतकरी यावर काय करतात? तिलापियाच्या तळ्यात पट्टेरी मरळ सोडतात. तो जादा पिल्ले खातो आणि उरलेले मासे अंगाने भरतात. आपल्याकडे हे काम फुकटात करणारा मासा तलावात आधीपासून आहे, आणि आपण त्याला विष घालतो. मरळ काढून टाकलेल्या तलावात बेडूक, किडे, खुरटे मासे यांचा हिशेब कोण ठेवतो, हे निर्मूलनवाल्यांनी सांगावे.

भोई बांधवांच्या उत्पन्नाची बाजूही तपासू. बाजारात जाऊन पाहावे. रोहू-कटला बर्फावर पडलेला असतो. मरळ घमेल्यात, बोटभर पाण्यात, जिवंत असतो, कारण हवेवर जगणारा मासा तासन् तास टिकतो. बर्फाचा खर्च नाही, शिळे होण्याची धास्ती नाही. मांसात बारीक काटे नसल्यासारखेच. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला मरळ द्यावा असे जुनी माणसे सांगतात. भाव रोहूपेक्षा चढा असतो आणि तरीही घमेले आधी रिकामे होते. तेलंगणाने २०१६ साली पट्टेरी मरळाला, म्हणजे त्यांच्या कोर्रमीनूला, राज्यमासा केले. तिथे आणि आंध्रात तयार खाद्यावर मरळाची शेती होते. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. पापलेटला तो शोभतोच, किनाऱ्यावरचा मान किनाऱ्याला मिळाला. पण ज्या जिल्ह्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांचा मासा कोणता, हा प्रश्न त्याने सुटत नाही. जो मासा जास्त भावाने, जिवंत, बर्फाविना विकला जातो तो मच्छीमाराचा शत्रू कसा?

पाण्याच्या टंचाईचा आक्षेप मला सर्वांत विचित्र वाटतो, कारण तो आक्षेप म्हणून मांडला जातो आणि सिद्ध मात्र उलटेच करतो. होय, खान्देशात पाणी कमी. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तलाव आकसतात, पाणी तापते, तापल्या पाण्यात प्राणवायू टिकत नाही आणि पहाटे कटला-रोहू पृष्ठभागाशी तोंडे वासून तरंगू लागतात. त्या पाण्यात मरळ निश्चिंत असतो. त्याला पाण्यातल्या प्राणवायूची पर्वा नाही, तो हवा पितो. तलाव आटलाच तर पट्टेरी मरळ ओल्या गाळात शिरतो आणि कातडी ओली आहे तोवर तग धरतो. पहिल्या पावसात पाणी वाहू लागले की ओल्या गवतातून सरकत शेजारच्या डबक्यात जातो. पांझरा आणि कान या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी फड पद्धतीचे बंधारे बांधले, थोडे पाणी अडवून सगळ्यांनी वाटून घेण्याची शहाणी व्यवस्था उभी केली. त्या बंधाऱ्यांमागे जे उथळ, गवताळ, उन्हाळ्यात आखडणारे पाणी राहते, ते महसीराच्या कामाचे नाही, कटल्याच्याही फारसे नाही. ते नेमके मरळाचे आहे. दुष्काळी मुलखाला साजेसा मासा कसा असावा याचा आराखडा कोणी काढला असता तर तो मरळाचाच निघाला असता.

राहिला त्याच्या रूपाचा आणि बदनामीचा मुद्दा. डोके सापासारखे, म्हणून काही घरांत तो शिजत नाही. ज्याच्या त्याच्या ताटाचा प्रश्न आहे, त्यावर वाद नाही. पण अलीकडे परदेशी बातम्यांचा हवाला देऊन मरळाला ‘राक्षसी मासा’ म्हटले जाते. ती बातमी नीट वाचावी. अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका तळ्यात २००२ साली जो सापडला आणि ज्याच्यामुळे गदारोळ झाला तो चीनकडचा मरळ, आपला नव्हे. आपला मोठा मरळ म्हणून ओळखला गेलेला मासा २००० साली फ्लोरिडात सापडला, तोही माणसानेच नेलेला. अमेरिकेने २००२ साली सगळ्याच मरळ जातींच्या आयातीवर बंदी घातली आणि ते योग्य केले. फ्लोरिडात मरळ परका आहे. तापीत तो परका नाही. तापीत परके आहेत ते तिलापिया आणि आफ्रिकन मागूर. उपद्रव हा माशाच्या जातीत नसतो, तो माणसाने केलेल्या जागाबदलात असतो. अमेरिकेतला निकाल हतनूरला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या खटल्यातली शिक्षा आपल्या माणसाला भोगायला लावणे.

एक आक्षेप पूर्वपक्षाने घेतलेला नाही. तो मीच घेतो, कारण तोच खरा आहे. मरळ हा माशांमध्ये दुर्मीळ असा पालक आहे. पावसाळ्यात नर-मादी पाणवनस्पती बाजूला सारून जागा करतात, अंडी वर तरंगतात आणि दोघेही पहारा देतात. पिल्ले निघाली की त्यांचा दाट थवा पृष्ठभागाशी एका ढगासारखा हलत असतो. पट्टेरी मरळाची पिल्ले लालसर, लांबूनही दिसतात. आईबाप खालून चालतात आणि थव्याजवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतात. हे ज्याला ठाऊक आहे तो त्या थव्यात आमिष फेकतो, आणि मासा हमखास लागतो. तो भुकेने लागलेला नसतो. पिल्लांच्या रक्षणासाठी लागलेला असतो. पालक काठावर आला की काही तासांत तो सगळा थवा शिंगटी, वाम आणि बगळे यांच्या पोटात जातो. याला खेळ म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही. मरळाचे कैवारी म्हणवून घ्यायचे असेल तर जून ते सप्टेंबर काठी भिंतीला टेकवून ठेवावी आणि इतर महिन्यांतही पिल्लांचा थवा दिसला तर पाठ फिरवून निघावे. सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे, ती तर कोणत्याही ऋतूत मोडू नये. पकडलेला मरळ सोडून द्यायचा असेल तर त्याच्याइतका सोपा मासा नाही: हात ओले करून धरावा, आकडा चिमट्याने काढावा, सावलीत ठेवावा. तो हवेत श्वास घेतो, सोडला की निघून जातो.

तलावाचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी, हेही सांगायला हवे. आणि संस्थांना माझी सूचना आहे की हौशी माणसांना दिवसाचे शुल्क आकारून मरळासाठी गळ टाकू द्यावा. मरळ संस्थेच्या वहीत आज तोट्याच्या बाजूला आहे. दिवसाच्या पासने तो जमेच्या बाजूला येईल, आणि ज्याच्यापासून पैसा येतो त्याला विष घालायला कोणी धजावणार नाही.

दोन्ही बाजू समोर आहेत. एक बाजू दुसऱ्या नदीचे माप आणि दुसऱ्या देशाचा निकाल घेऊन आली आहे. दुसऱ्या बाजूला या पाण्यात जन्मलेला, या उन्हाळ्याला पुरून उरणारा, बाजारात चढ्या भावाने विकला जाणारा आणि गळाला लागण्यापूर्वी माणसाची सगळी हुशारी पणाला लावणारा मासा आहे. मत्स्यव्यवसाय विभागाने जलाशयांसाठीच्या मार्गदर्शनातल्या निर्मूलनाच्या यादीतून मरळाला वगळावे, बोटुकलीच्या आकाराचा नियम कसोशीने पाळायला लावावा, आणि जळगाव-धुळ्याच्या तरुणांनी येत्या फेब्रुवारीत महसीराचे तिकीट काढण्यापूर्वी एकदा आपल्याच तलावाच्या काठी पहाटे उभे राहावे.